‘बिल गेट्सनेही कॉलेज सोडलंच होतं ना, मॅडम?’

कॉलेजचं दुसरं वर्ष लागलं, पहिल्या निकालाची धूळ खाली बसली, की ठाणे शहरातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हे वाक्य हमखास येतं. आईवडिलांचं उत्तरही ठरलेलं: “आधी डिग्री घे, मग काय ते कर.” दोन्ही बाजू गेट्सवरून भांडतात. मुलाबद्दल कुणी बोलतच नाही.

ऐरोलीचा एक मुलगा (तपशील बदललेत) इंजिनिअरिंगला होता आणि इन्स्टाग्रामवर छापील टी-शर्ट विकायचा. वडील रबाळे एमआयडीसीत सुपरवायझर. मी त्याला विरोध केला नाही. तो घरी रोज होत होताच. म्हटलं, “तुझ्या हिरोंची नावं लिही. कॉलेज सोडलं तेव्हा प्रत्येकाच्या हातात काय होतं, तेही लिही.”

पुढच्या वेळी तो खरंच वही घेऊन आला. गेट्स १९७५ मध्ये हार्वर्डमधून निघाले ते रजा घेऊन, आणि अल्टेअर कॉम्प्युटरसाठीच्या बेसिक या प्रोग्रामिंग भाषेचं काम हातात असताना. मायकल डेल १९८४ मध्ये हॉस्टेलच्या खोलीतून कॉम्प्युटर विकतच होते. झुकरबर्ग यांचं फेसबुक फेब्रुवारी २००४ मध्ये सुरू झालं, हार्वर्ड त्यानंतर सुटलं. अझीम प्रेमजींचं नाव मात्र त्याने लिहून खोडलं होतं. “वडील गेले म्हणून त्यांना १९६६ मध्ये स्टॅनफर्डहून यावं लागलं. पदवी त्यांनी पुढे पूर्ण केली, मॅडम.”

“आता तुझं नाव लिही.”

पेन हलेना.

“महिन्याला पंधरा-वीस टी-शर्ट जातात. मित्रच घेतात.” मग बऱ्याच वेळाने, “मॅथ्स-थ्रीची केटी (नापास विषयाची फेरपरीक्षा) दुसऱ्यांदाही नाही सुटली. बाबांना माहीत नाही.”

अशा वेळी लगेच धीर देणारे समुपदेशक मी पाहिलेत. मी गप्प राहते, आणि ते मला चांगलं जमतं.

“केटी सुटली नाही, म्हणजे काय झालं?”

“मी कशाच्याच लायकीचा नाही.”

हे त्याला कुणीही म्हटलं नव्हतं, त्यानेच ठरवून टाकलं होतं. माणसाला घटनेपेक्षा तिचा लावलेला अर्थ जास्त छळतो, अशी माझी जुनी धारणा आहे. पुढच्या भेटी आम्ही या एका वाक्यावरच घालवल्या. गेट्स आपोआप मागे पडले. धंदा त्याला बाहेर ओढत नव्हता, केटी ढकलत होती.

वडिलांना सगळं त्यानेच सांगितलं. त्यांनी मला विचारलं, “मग ते टी-शर्ट बंद करायला सांगू ना?” अजिबात नको. त्याच्याकडे दरमहा हिशेब मागा: ओळखीबाहेरची गिऱ्हाइकं किती, खर्च जाऊन हातात काय उरलं. किती महिने असा नफा टिकला तर कॉलेज सोडण्याचा विचार करायचा, हे आजच एकत्र बसून ठरवा. खंड घेता येतो का, परत प्रवेश कसा मिळतो, हे कॉलेजकडून लेखी घ्या.

नेरुळच्या एका मुलीला मात्र मी कॉलेज सोडायला हरकत नाही म्हटलं. तिच्याकडे दोन कामगार होते आणि पुढच्या चार महिन्यांच्या ऑर्डरी. आता ती यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून बी.कॉम. करते. तिच्या आईला ते अजून पटलेलं नाही.