पहिलंच किट आणि तेही झिरो: बाटली उघडण्याआधी विमान ठरवा

तुम्ही विचारलंय: 'प्लॅस्टिकचं विमान पहिल्यांदाच जोडणार आहे. दुसऱ्या महायुद्धातलं जपानी झिरो करायचंय. एअरब्रश नाही. किट कोणतं घेऊ, करडा रंग नेमका कोणता, आणि युद्धात वापरलेलं, रंग उडालेलं विमान कसं दाखवू?'

शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण माझं पहिलं झिरो त्याच नादात वाया गेलं. स्पंजाचा तुकडा चंदेरी रंगात बुडवून मी ठिपके मारत सुटलो. पंख, शेपटी, सुकाणू, काही म्हणजे काही सोडलं नाही. रात्री ट्यूबलाइटखाली फार भारी वाटलं. सकाळी उन्हात पाहिलं तर भंगारवाल्याच्या गाडीवरचा पत्रा दिसत होता.

चूक कुठे झाली ते पुढे वाचन वाढल्यावर कळलं. एक तर रंगाचे पापुद्रे निघालेल्या जपानी विमानांचे जे फोटो आपण पाहतो, त्यांतली बरीच विमानं जपानी भूदलाची असतात, नौदलाची नव्हे. उघड्या धातूवर तळावरच घाईघाईने हिरवा रंग मारलेली, किंवा मग युद्धाच्या अखेरच्या काळातली. सुरुवातीच्या काळातल्या नौदलाच्या झिरोचा करडा रंग चांगला टिकाऊ होता, आणि विमानवाहू जहाजावर त्याची देखभालही नीट व्हायची. दुसरं म्हणजे झिरोचे एलरॉन, एलिव्हेटर आणि सुकाणू, म्हणजे पंखांच्या आणि शेपटीच्या मागच्या कडेचे हलणारे भाग, यांवर कापड चढवलेलं होतं. धातूचा पत्रा नव्हे, कापड! त्यावर मी चंदेरी ओरखडे काढून ठेवले होते. कापड खरवडल्यावर खाली चांदी कुठून दिसणार? गंमत म्हणजे आजवर घरी आलेल्या एकाही पाहुण्याच्या ते लक्षात आलेलं नाही. मला मात्र त्या कपाटासमोरून जाताना दर वेळी तेवढंच दिसतं.

म्हणून माझा सल्ला असा की 'झिरो' बनवायला घेऊ नका. एक झिरो बनवायला घ्या. कोणत्या जहाजावरचं किंवा तळावरचं, कोणत्या महिन्यातलं, ते आधी ठरवा. मग रंग, पट्टे, मळकटपणा हे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात.

त्यासाठी थोडी ओळख लागेल. मित्सुबिशीच्या होरिकोशी जिरो यांनी आखलेलं हे विमान १ एप्रिल १९३९ रोजी पहिल्यांदा उडालं. नागोयाच्या कारखान्याला लागून धावपट्टी नव्हती, त्यामुळे पहिलं विमान सुटं करून बैलगाड्यांवर लादून कागामिगाहाराच्या तळावर नेलं होतं. त्या काळातलं जगातलं एक अव्वल लढाऊ विमान बैलगाडीतून निघालंय, हे चित्र मला फार आवडतं. १९४० मध्ये ते नौदलात दाखल झालं. जपानी राजवंशाच्या कालगणनेनुसार ते वर्ष २६००, त्यातलं शेवटचं शून्य घेऊन नाव पडलं झिरो.

पुढे किटच्या खोक्यावर 'मॉडेल २१', 'मॉडेल ३२', 'मॉडेल ५२' असे आकडे दिसतील. हे एकवीस, बत्तीस असे वाचायचे नाहीत. पहिला आकडा विमानाच्या सांगाड्यातल्या बदलाचा, दुसरा इंजिनाचा. म्हणून दोन-एक, पाच-दोन. २१ च्या पंखांचा पल्ला १२ मीटर, आणि जहाजाच्या लिफ्टमध्ये मावावं म्हणून दोन्ही टोकं अर्धा-अर्धा मीटर वर दुमडायची. ३२ मध्ये ती टोकं छाटूनच टाकली. ५२ मध्ये पल्ला ११ मीटर, पण टोकं पुन्हा गोल, आणि धुराड्याच्या नळ्या प्रत्येकी स्वतंत्र बाहेर आलेल्या. पर्ल हार्बरला गेलेलं ते २१. युद्धाच्या उत्तरार्धातलं, वरून गडद हिरवं ते ५२.

पहिल्या खेपेला २१ घ्या. एकच इंजिन, दोन पंखी विमानांसारखी तारांची गुंतागुंत नाही, आणि अंगभर एकच रंग. फक्त इंजिनावरचं आवरण निळसर झाक असलेल्या काळ्या रंगाचं. एअरब्रश नसलेल्या माणसासाठी यापेक्षा सोयीचं लढाऊ विमान मला तरी माहीत नाही.

किट तामिया या जपानी कंपनीचं १/७२ मापातलं, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढं, मॉडेल २१ घ्या, असं सरळ सांगतो. तयार विमान जेमतेम पावणेसतरा सेंटीमीटर रुंद आणि साडेबारा सेंटीमीटर लांब होतं. तुकडे एकमेकांत असे बसतात की पुट्टी जवळपास लागतच नाही. डोळ्यांना बारीक काम सोसत नसेल तर १/४८ घ्या, ते २५ सेंटीमीटर रुंद होतं. तामियाचंच १/४८ मधलं २१ मात्र १९७३ च्या साच्यातलं आहे, हे लक्षात असू द्या. त्या मापात एडुअर्ड या कंपनीचं नवं किट फार देखणं आहे, पण त्यात बारीक पत्र्याचे तुकडे दुमडत बसावे लागतात. ते दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला.

आता विमान ठरवू. बहुतेक लोक पर्ल हार्बर घेतात, आणि किटमध्ये डिकलही (पाण्यात भिजवून चिकटवायच्या छापील खुणा) त्याचेच मिळतात. धडाच्या मागच्या बाजूला जहाजाची खूण असायची. अकागीचा एक लाल पट्टा, कागाचे दोन लाल. सोर्युचा एक निळा, हिर्युचे दोन निळे. शोकाकुचा एक पांढरा, झुइकाकुचे दोन पांढरे. सहा जहाजं, सहा खुणा.

मी स्वतः मात्र कोलंबो निवडलं. आपल्याकडे फारसं बोललं जात नाही, पण एप्रिल १९४२ मध्ये हाच ताफा हिंदी महासागरात आला होता. ५ एप्रिलला कोलंबोवर हल्ला झाला आणि तिथे झिरो आणि ब्रिटिशांची हरिकेन विमानं समोरासमोर भिडली. दुसऱ्याच दिवशी, रियुजो या दुसऱ्या एका विमानवाहू जहाजावरच्या विमानांनी विशाखापट्टणम आणि काकिनाडा इथे बाँब टाकले. ९ तारखेला त्रिंकोमालीवर हल्ला झाला आणि 'हर्मिस' हे ब्रिटिश विमानवाहू जहाज बुडालं. 'शत्रूचं विमान घरात कशाला?' असं माझ्या काकांनी विचारलं होतं. विशाखापट्टणमचं सांगितल्यावर ते खुर्ची ओढून बसले आणि तासभर हलले नाहीत.

कोलंबो करणार असाल तर एक खबरदारी घ्या. कागाचे दोन लाल पट्टे लावू नका. ते जहाज फेब्रुवारीत पलाऊजवळ खडकाला घासलं होतं आणि दुरुस्तीसाठी जपानला परतलं होतं. या मोहिमेत ते नव्हतंच. पंखांच्या पुढच्या कडेची पिवळी पट्टीही नको, ती १९४२ च्या उत्तरार्धात आली. आणि लाल सूर्याभोवती, म्हणजे विमानावरच्या जपानच्या गोल खुणेभोवती, पांढरी कडा नको, ती हिरव्या रंगाच्या काळातली.

रंगाचं म्हणाल तर तो या छंदातला कायमचा वाद आहे. कोणी म्हणतं फिका करडा, कोणी म्हणतं पिवळट-तपकिरी झाक असलेला. या दुसऱ्या पक्षाचा लाडका जपानी शब्द 'आमे-इरो', म्हणजे पाकाच्या गोळीचा रंग. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे असं मला वाटतं. ताजा रंग किंचित हिरवट-तपकिरी आणि तुकतुकीत, उन्हा-खाऱ्या वाऱ्यात तोच खडूसारखा फिका पडत जातो. तुम्ही तामियाचा एक्सएफ-७६ घ्या आणि वादातून मोकळे व्हा. त्याच छटेचा स्प्रेचा डबा एएस-२९ या नावाने मिळतो. एअरब्रश नाही म्हणता, तर तुमच्यासाठी तोच. अख्खं विमान ब्रशनेच करायचं असेल तर तामियाचे ॲक्रिलिक नकोत, दुसरा हात मारताना खालचा थर उचलला जातो. पाण्यात मिसळणारे व्हॅलेहोसारखे रंग पातळ करून तीन-चार हात द्या.

कापड चढवलेल्या भागांची गंमत इथे कामाला येते. मूळ रंगात थेंबभर पांढरा मिसळून एलरॉन, एलिव्हेटर आणि सुकाणूवर एक पातळ हात फिरवा. एवढ्याने विमान वापरातलं वाटायला लागतं. त्यावर मळकट तपकिरी-करडं वॉश, म्हणजे पाण्यासारखा पातळ केलेला रंग, पत्र्याच्या जोडरेषांत सोडा, काळं नको. बंदुकांच्या तोंडाशी आणि धुराड्यामागे थोडी काजळी. चंदेरी ओरखडे हवेच असतील तर वैमानिक जिथून चढतो तिथे, पंखाच्या मुळाशी, टोकदार पेन्सिलीने चार-पाच रेघा. बस्स.

जोडणीचं सगळं इथे सांगत नाही, कागदावर चित्रं आहेतच. तुकडे ज्या प्लॅस्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात तिच्यातून पिळून तोडू नका, निपरने (छोट्या कटरने) थोडं लांबून कापा आणि उरलेला कोंब पॉलिश पेपरने घासा. ग्लू लावण्याआधी प्रत्येक जोड कोरडाच बसवून बघा. ग्लू घ्यायचा तो पातळ, ब्रशवाला, हिरव्या झाकणाचा. दोन तुकडे हातात जुळवून धरायचे आणि फटीला ब्रश टेकवायचा, ग्लू आपला आपण आत ओढला जातो. आणि पंखा बंद! आमच्या घरात मोझॅकची फरशी आहे. तिच्यावर पडलेला पिटोट नळीचा (विमानाचा वेग मोजणाऱ्या, पंखावरच्या बारीक नळीचा) तुकडा मी टॉर्च आडवा धरून, गुडघ्यांवर रांगत दोन संध्याकाळी शोधलाय. आता टेबलावर जुनी पांढरी चादर अंथरतो आणि तिची कड मांडीवर घेतो.

कॉकपिटमध्ये एक जागा रेंगाळण्यासारखी आहे, ती म्हणजे खुर्ची. नौदलाला लांब पल्ला हवा होता, चपळाई हवी होती आणि इंजिन होतं ९५० अश्वशक्तीच्या आतबाहेरचं. होरिकोशींनी मग मिळेल तिथे वजन कापलं. वैमानिकामागे चिलखत नाही, गोळी लागल्यावर आपोआप बुजणाऱ्या इंधनटाक्या नाहीत, आणि खुर्चीच्या पत्र्यालासुद्धा भोकं पाडलेली. किटमधल्या खुर्चीवर त्या भोकांच्या जागी बारीक खड्डे आहेत. आत एक्सएफ-७१ हा कॉकपिटचा हिरवा मारल्यावर त्या खड्ड्यांत गडद वॉश सोडा. झाकण बसल्यावर फारसं दिसणार नाही, पण ही खुर्ची रंगवल्याशिवाय झिरो केल्यासारखं मला तरी वाटत नाही.

काचेचं झाकण म्हणजे कॅनॉपी. ती सुपरग्लूने चिकटवू नका, त्याच्या वाफेने काच आतून पांढुरकी होते आणि मग इलाज राहत नाही. साधा फेव्हिकॉल वापरा. वाळल्यावर पारदर्शक होतो, सांडला तर ओल्या कापडाने पुसता येतो. झिरोच्या कॅनॉपीला खिडकीच्या गजांसारख्या पुष्कळ पट्ट्या आहेत आणि त्या रंगवणं हाच या किटमधला खरा जाच. काचेच्या तुकड्यावर मास्किंग टेप लावून नव्या ब्लेडने बारीक पट्ट्या कापा, एका दिवशी एकच बाजू करा. चिडचिड झाली की उठा.

डिकल लावण्याआधी विमानावर चकचकीत वार्निशचा हात हवा. मॅट रंगाच्या खरखरीत पृष्ठभागावर डिकलखाली हवा अडकते आणि लाल सूर्याभोवती चंदेरी कड दिसू लागते. डिकल बसलं, वाळलं, की मग वरून मॅट किंवा अर्धमॅट.

आणि हवामान. मी डोंबिवलीत राहतो. जुलैत एकदा धीर न धरता गॅलरीत स्प्रे मारला आणि डोळ्यांदेखत करड्या रंगावर दुधाळ साय आली. दमट हवेत रंगातलं द्रावण उडताना पृष्ठभाग थंड पडतो आणि हवेतली वाफ त्यावर बसते. कोकणपट्टीत किंवा मुंबईच्या आसपास असाल तर पावसाळ्यात फक्त कापा, घासा, जोडा, कॉकपिट ब्रशने रंगवा. स्प्रे दिवाळीनंतर, कोरड्या दुपारी, तोंडाला मास्क लावून आणि शेजाऱ्यांचं धुणं आत गेलंय याची खात्री करून.

शेवटी राहते रेडिओची तार, कॅनॉपीमागच्या खांबापासून शेपटीपर्यंत. उरलेल्या चौकटीची काडी मेणबत्तीच्या ज्योतीच्या वर, ज्योतीत नव्हे, गोल फिरवत धरा. मऊ झाली की बाजूला घेऊन दोन्ही टोकं एका दमात ओढा. केसाएवढा धागा निघतो. पहिले चार-पाच तुटतील. ही तार सगळ्यात शेवटी लावा, आणि लावल्यावर विमान लगेच काचेच्या कपाटात ठेवा. माझ्या दोन्ही झिरोंच्या तारा धूळ पुसायच्या फडक्याने गेल्या, आणि फडकं दोन्ही वेळा माझ्याच हातात होतं.