रुजू व्हायची तारीख ठरवण्याआधी किटाचे आठवडे मोजा

तुम्ही विचारलंय की ऑगस्टमध्ये बर्लिनला येताय, मुलगा दोन वर्षं चार महिन्यांचा आहे आणि दोघांचीही नोकरी पहिल्याच आठवड्यात सुरू होतेय. किटाची, म्हणजे इथल्या पाळणाघर-बालवाडीची, जागा येण्याआधीच पक्की करता येईल का, किटात नेमकं काय शिकवतात, आणि त्याला जर्मन लवकर यावं म्हणून घरात मराठी कमी करावी का? माझी लेक दोन वर्षांची असताना इथल्या किटात जायला लागली, आता ती शाळेत जाते. तेव्हा जे पाहिलं, भोगलं, तेच सांगते.

आधी एक कळकळीची विनंती. तुमच्यापैकी एकाला रुजू व्हायची तारीख पुढे ढकलता येत असेल तर ढकलाच, आणि मुलाला किटात सोडायला लागल्यावर निदान महिनाभर मोकळा ठेवा. इथे पहिल्या दिवशी मूल दारात सोडून ऑफिस गाठता येत नाही. आइनगेव्योनुंग नावाचा रुळण्याचा काळ असतो आणि त्यात आई किंवा बाबा सोबत लागतातच.

बर्लिनमध्ये बहुतेक ठिकाणी ‘बर्लिन मॉडेल’ वापरतात. पहिले तीन दिवस तुम्ही मुलाबरोबर तासभर वर्गात बसायचं. खेळवायचं नाही, सूचना द्यायच्या नाहीत, फक्त त्याला दिसेल असं एका जागी बसायचं. मूल तुमच्याकडे येईल, जाईल, पुन्हा येईल. त्या काळात एक ठरलेली एर्त्सीहरिन, म्हणजे तिथली शिक्षिका, हळूहळू त्याच्याशी नातं जोडत असते. चौथ्या दिवशी पहिल्यांदा दूर व्हायचं, तेही जास्तीत जास्त अर्धा तास, आणि तुम्ही इमारतीतच थांबायचं. मूल रडलं आणि एर्त्सीहरिनच्या कडेवर शांत झालं, तर वेळ वाढवत नेतात. शांत झालं नाही, तर तुम्हाला लगेच बोलावतात आणि पुढचा प्रयत्न काही दिवस लांबवतात. काही मुलं आठवड्याभरात रुळतात, काहींना तीन आठवडे लागतात, आणि मधेच सर्दी-ताप आला की गाडी पुन्हा मागे येते.

आमच्याकडे घाई झाली. माझ्या हातात आठच दिवस होते, आणि किटानेही ‘बाहेर थांबू नका, निघा, होईल सवय’ असं म्हटलं. मी तिचं लक्ष नसताना सटकले. त्यानंतर तीन आठवडे ती घरातही माझा पदर सोडेना, मी बाथरूमला गेले तरी दाराशी उभी राहून रडायची. शेवटी बिनपगारी रजा घेतली आणि सगळं पहिल्या दिवसापासून केलं. या वेळी मी खाली बसून, तिच्या डोळ्यांत बघून सांगायचे, “आई जातेय, जेवण झालं की येते,” आणि जेवण झालं की खरोखर दारात असायचे. माझा एक स्कार्फ तिच्या पांघरुणाशी ठेवला होता. सहाव्या दिवशी ती तो कवटाळून दुपारी झोपली, तेव्हा एर्त्सीहरिनने मला बाहेर येऊन सांगितलं. त्या क्षणी मला कॉरिडॉरमध्येच रडू आलं. म्हणून सांगते, रडलं तरी चालेल, पण न सांगता कधीही जाऊ नका.

आता जागेचं. एक वर्ष पूर्ण झालेल्या प्रत्येक मुलाला १ ऑगस्ट २०१३ पासून जर्मनीत बालसंगोपनाच्या जागेचा कायदेशीर हक्क आहे. पण हक्क आहे म्हणून घराशेजारच्या, मनासारख्या किटात जागा मिळतेच असं नाही. बर्लिनमध्ये तुमच्या भागाच्या युगेंडआम्टकडून, म्हणजे मुलांसाठीच्या सरकारी कार्यालयाकडून, किटा-गुटशाइन, म्हणजे किटासाठीचं मंजुरीपत्र, घ्यावा लागतो, आणि तो अर्ज हव्या त्या तारखेच्या नऊ महिने ते दोन महिने आधी करायचा असतो. म्हणजे ऑगस्टमध्ये उतरून, पत्त्याची नोंदणी करून अर्ज टाकलात, तर ऑक्टोबर धरून चाला. तातडी असेल तर अर्जात कारण लिहा, पण त्यावर विसंबून रुजू होऊ नका. जागेची चौकशी मात्र तिथूनच सुरू करता येते. किटांना थेट मेल लिहा, मुलाची जन्मतारीख आणि हवा असलेला महिना टाका, उत्तर आलं नाही तर दोन आठवड्यांनी पुन्हा लिहा. मोठी मुलं शाळेत जातात तेव्हा, म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, जागा मोकळ्या होतात, हे तुमच्या पथ्यावर पडेल.

खर्चाची काळजी नको. बर्लिनमध्ये २०१८ च्या ऑगस्टपासून किटाची फी नाही, जेवणाचे महिना २३ युरो द्यावे लागतात. उद्या दुसऱ्या राज्यात गेलात तर तिथला हिशेब वेगळा असेल.

शिकवतात काय, हा तुमचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला. अक्षरं, आकडे, गृहपाठ यातलं काही नाही. सुरुवातीला मलाही वाटायचं, दिवसभर ही मुलं नुसती खेळतात! ‘किंडरगार्टन’ हा शब्दच इथला. फ्रेडरिक फ्रोबेल या जर्मन शिक्षणतज्ज्ञाने १८३७ मध्ये बाड ब्लांकेनबुर्ग या गावी लहान मुलांसाठी संस्था काढली आणि १८४० मध्ये तिला हे नाव दिलं. खेळ हेच लहान मुलाचं शिकणं, हा त्याचा विचार इथल्या वर्गांत आजही दिसतो. एकदा जेवणाच्या वेळी मी दारातून पाहिलं. टेबलावर काचेचा छोटा जग होता. माझी लेक दोन्ही हातांनी तो उचलून आपल्या पेल्यात पाणी ओतत होती. निम्मं टेबलावर सांडलं. कोणी हातातून जग काढून घेतला नाही. एर्त्सीहरिनने फडकं पुढे सरकवलं, लेकीने पुसलं आणि पुन्हा ओतलं. मनगटावरचा ताबा, अंदाज, चूक सावरणं, आपली पाळी येईपर्यंत थांबणं, सगळं त्या पाच मिनिटांत होतं. पावसातही मुलांना बाहेर नेतात, म्हणून रबरी बूट आणि चिखलात खेळायची वॉटरप्रूफ पँट, माट्शहोझं, पहिल्याच दिवशी लागते. हे सगळं इथे आल्यावरच घ्या.

भाषेचं म्हणाल तर घरात मराठी अजिबात कमी करू नका. नवख्या जागी मुलाकडे भावना सांगायला तेवढी एकच भाषा असते. किटात तो कदाचित कित्येक महिने गप्प राहील. त्या काळात तो ऐकत असतो, घाबरू नका. आमच्या लेकीचा पहिला जर्मन शब्द घसरगुंडीवर आला: ‘नोखमाल’, म्हणजे ‘पुन्हा एकदा’. तुम्ही एक करा, ‘पाणी’, ‘शू’, ‘शी’, ‘झोप’, ‘दुखतंय’, ‘कडेवर घे’ असे दहाबारा शब्द रोमन अक्षरांत, अर्थासकट लिहून एर्त्सीहरिनला द्या. आमची एर्त्सीहरिन तो कागद कपाटाच्या दारावर चिकटवून ठेवायची आणि ‘पाणी’ अगदी नीट म्हणायची.

कागदपत्रांत लसीकरणाची नोंद सगळ्यात आधी बॅगेत टाका. मार्च २०२० पासून गोवराच्या लसीचा पुरावा नसेल तर किटा प्रवेश देऊ शकत नाही, आणि दोन वर्षांवरच्या मुलाला दोन डोस लागतात. आल्याबरोबर बालरोगतज्ज्ञ शोधा. तीन वर्षांच्या आसपास ‘ऊ सीबेन आ’ नावाची विकासतपासणी असते, त्यात बोलणं, नजर, हालचाली बघतात. मुलाच्या तपासण्यांची एक पिवळी वही असते, तिच्यात या तपासणीची नोंद होते.

पहिला हिवाळा आजारपणाचा जातो, हे गृहीतच धरा. मूल आणि तुम्ही सरकारी आरोग्य विम्यात असाल, तर २०२५ च्या नियमाप्रमाणे प्रत्येक पालकाला एका मुलामागे वर्षाला १५ दिवस आजारी मुलासाठी भरपाईसह रजा मिळते. विमा निवडताना हे डोक्यात ठेवा. घर कुठल्या भागात ठरतंय ते कळवा, तुमच्या युगेंडआम्टचा अर्ज भरताना काही अडलं तर मी सोबत बसून भरून देईन.