रेडिएशननंतर आईला खोकला सुरू झालाय, समुद्री शेवाळाच्या कॅप्सूल देऊ का?

कॅप्सूलचं नंतर बघू, आधी खोकल्याचं. तुम्ही लिहिलंय की ब्रेस्टचं रेडिएशन संपून दोन महिने झाले, कोरडा खोकला आहे, जिना चढताना दम लागतो आणि संध्याकाळी अंगात कसकस असते. रेडिएशन न्यूमोनायटिस, म्हणजे रेडिएशनमुळे फुफ्फुसाला येणारी सूज, साधारण याच सुमाराला डोकं वर काढतो, एक ते सहा महिन्यांत कधीही. तोच असेल आणि त्रास जास्त असेल तर स्टेरॉइड देतात, तेही एकदम बंद न करता हळूहळू कमी करत आणतात. दुसरं काही इन्फेक्शनही असू शकतं, म्हणून रेडिएशनवाल्या डॉक्टरांना उद्याच फोन करा, एक्स-रे किंवा सीटी ते सांगतील. आमच्या काकूच्या वेळी आम्ही तीन आठवडे "हवा बदललीय" म्हणत आल्याचा चहा पाजत बसलो होतो, आठवलं की अजून स्वतःचाच राग येतो.

आता शेवाळ. माझं एमएस्सी यातच झालंय त्यामुळे थोडं लांबण लागेल. तुम्ही ज्याबद्दल वाचलंत ते फुकोयडान, तपकिरी शेवाळात असतं. मालवणला ओहोटीच्या वेळी खडकावरचं सरगॅसम उपटून बघा, मण्यांसारखे हवेचे फुगे असतात, दाबले की टचकन फुटतात, आणि या तपकिरी शेवाळांचा जो बुळबुळीतपणा बोटांना राहतो ना, त्यातच हे असतं. तैवानच्या लोकांनी उंदरांच्या फुफ्फुसांवर रेडिएशन दिलं आणि 14 दिवस रोज किलोमागे 200 मिलिग्रॅम फुकोयडान तोंडावाटे दिलं, 2018 मध्ये ते छापून आलं. सायटोकाइन नावाचे सूज वाढवणारे पदार्थ कमी झाले आणि फुफ्फुसात कोलाजेनही कमी साचलं. हे कोलाजेन साचत गेलं की फुफ्फुस चिवट होतं, स्पंज वाळल्यासारखं, त्यालाच फायब्रोसिस म्हणतात.

वाचून मलाही भारी वाटलं होतं. पण उंदरांना ते रेडिएशनच्या जोडीनेच मिळालं, तुमच्या आईची सूज (असेल तर) आधीच पेटलेली आहे, आणि पेटलेल्या सुजेवर ते चालतं असं त्या प्रयोगावरून म्हणता येत नाही. शिवाय फुकोयडानचा गुण थोडा हेपॅरिनसारखा, म्हणजे रक्त गोठू न देणारा, तेव्हा रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना न विचारता अजिबात नको. केल्पच्या (हेही एक तपकिरी शेवाळच) गोळ्यांत आयोडिन भरपूर असतं, थायरॉइडवाल्यांनी तर लांबच राहावं.

आणि "नॅचरल आहे, काय बिघडणार" हे तर मनातून काढाच. फिनलंडमध्ये 29 हजार सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांवर ट्रायल झाली होती, गाजरातलं बीटा कॅरोटीन गोळीतून दिलं, कॅन्सर टळावा म्हणून. 1994 ला निकाल आला तेव्हा गोळी घेणाऱ्यांत फुफ्फुसाचा कॅन्सर 18 टक्के जास्त निघाला.

हो, एक राहिलं. डब्याचं लेबल नीट वाचा. बऱ्याच जणांना शेवाळ म्हणून स्पिरुलिना दिली जाते, तिच्यात फुकोयडान नसतंच, ती तपकिरी शेवाळ नव्हे, तिच्यात निळं फायकोसायनिन असतं, त्यावरही उंदरांवर काम झालंय पण तो वेगळा विषय. डब्याचा मागच्या बाजूचा फोटो काढून ठेवा आणि सीटीच्या दिवशी डॉक्टरांना दाखवा.