पगार थांबला, उचल सुरू झाली

"पार्टनर झाल्यापासून हिची कमाई वाढली. मग महिनाअखेरीला ओढाताण का?" कायदेविषयक फर्ममध्ये नव्याने भागीदार झालेल्यांचे जोडीदार हेच विचारतात. हे गृहस्थ तर हिशेबाची वही घेऊनच आले होते. वहीत दर महिन्याला 'पगार' असं लिहिलेलं.

मी त्या शब्दावर बोट ठेवलं. भागीदाराला दरमहा मिळते ती उचल, वर्षाचा नफा गृहीत धरून दिलेली. अशिलांची बिलं थकली की वर्षअखेरीचा हिशेब खाली येतो, कधी उचललेलंही परत करावं लागतं. त्यात बाईंनी फर्ममध्ये घालायच्या भांडवलासाठी कर्ज काढलेलं. त्याचा हप्ता वहीत नव्हताच, परस्पर त्यांच्या खात्यातून जात होता.

भांडण पेटलं होतं ते मात्र करावरून. नोकरीत कर कापूनच पगार हाती येई. आता बराचसा स्वतः भरायचा. नियम देशागणिक वेगळे. भारतात नफ्यावरचा कर फर्म भरते आणि भागीदाराचा नफ्यातला वाटा करमुक्त असतो, पण मानधन आणि भांडवलावरचं व्याज भागीदाराच्या उत्पन्नात धरतात. एप्रिल 2025 पासून त्यावर 10 टक्के टीडीएस कापला जातो, आणि तिथेच फसगत होते: कापलाय म्हणजे भरला, असं वाटतं. 30 टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाने उरलेला कर जून, सप्टेंबर, डिसेंबर आणि मार्चच्या 15 तारखेपर्यंत हप्त्यांनी भरायचा असतो. अमेरिकेत तर नफ्याचा वाटा हाती आला नसला तरी त्यावर कर लागतो.

बाईंचा कराचा पहिला हप्ता चुकला, व्याज लागलं. नवऱ्याला ते टपालातून कळलं.

"सांगितलं का नाहीस?" माझ्यासमोरच त्यांनी विचारलं. बाई बराच वेळ गप्प. मग म्हणाल्या, "वसुली होत नव्हती. पार्टनर होऊन सहा महिन्यांत घरी काय सांगायचं, की जमत नाहीये?" त्यांना ते अपयश वाटत होतं, नवऱ्याला लपवाछपवी. पैशाच्या भांडणात पैसा असा बऱ्याचदा मागेच राहतो.

उपाय साधा होता. उचल जमा होईल त्याच दिवशी सीएंनी सांगितलेला हिस्सा कराच्या वेगळ्या खात्यात. घराला जुन्या पगाराएवढी ठरावीक रक्कम. उरलेलं वर्षाचा हिशेब मिटेपर्यंत आपलं मानायचं नाही. शिवाय भागीदारीचा करारनामा दोघांनी मिळून वाचायचा: फर्म सोडली तर भांडवल कधी आणि कसं परत मिळेल? (दुसऱ्यांचे करार शब्दन् शब्द तपासणाऱ्या बाईंनी स्वतःचा भरभर चाळून सही केली होती. वकिलांमध्ये हे मी पुष्कळ पाहिलंय.)

मोठं घर घ्यायचा बेत एक पूर्ण वर्ष पुढे ढकला, असंही मी सुचवलं. ते नवऱ्याला रुचलं नाही. पुढच्या भेटीत त्यावरच बोलायचं ठरलंय.