पाण्याच्या मसुद्यावर हरकत द्यायची, तर बोट नेमके कुठे ठेवायचे?

पाण्याच्या नियमांचा मसुदा येतो, हरकती मागवल्या जातात. त्यावर आमच्या पाणी वापर संस्थेने (कालव्याचे पाणी वाटून घेणाऱ्या शेतकऱ्यांच्या संस्थेने) लिहून काही फरक पडतो का, आणि पाणीपट्टी जास्त आहे याखेरीज आम्ही लिहायचे तरी काय, असे तुम्ही विचारले आहे. फरक पडतो. मात्र नुसत्या पाणीपट्टीवर लिहिलेत तर सगळ्यात कमी पडतो.

महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या (राज्यात पाण्याचे दर ठरवणाऱ्या संस्थेच्या) 2005 च्या कायद्यात दरांचा फेरविचार तीन वर्षांनी करायची तरतूद आहे. म्हणजे आज मान्य झाले नाही तर पुढच्या खेपेला पुन्हा भांडता येते. पाण्यावर पहिला हक्क कोणाचा आणि ते दुसरीकडे वळवायचे कोणी, हे मात्र एकदा ठरले की वर्षानुवर्षे हलत नाही. 2003 च्या राज्य जलनीतीत पिण्याच्या पाण्यानंतर उद्योग होता, शेती त्याच्या खाली. हा क्रम बदलून शेती वर यायला 2011 उजाडले. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली आणि पिण्याचे, शेतीचे, उद्योगाचे पाणी किती, हे ठरवण्याचा अधिकार प्राधिकरणाकडून मंत्रिमंडळाकडे गेला. प्राधिकरणापुढे निदान सुनावणी तरी मागता येते. मंत्रिमंडळाच्या बैठकीत तुम्हाला कोण बसू देणार? म्हणून मसुदा हातात आला की उद्दिष्टांची पाने सरळ उलटा (तिथे शाश्वत, समन्यायी वगैरे सगळे छानच असते) आणि ‘अधिकार कोणाला’ व ‘पाळले नाही तर काय’ ही कलमे आधी वाचा.

जायकवाडीचे उदाहरण घ्या. हे गोदावरीवरचे मराठवाड्यातले धरण, आणि त्याच्या वरची धरणे नगर-नाशिकमधली. तुटीच्या वर्षी असलेले पाणी वरच्या आणि खालच्या धरणांनी वाटून घ्यायचे, हे 2005 च्या कायद्यातच आहे. ते कसे करायचे याची सूत्रे मेंढेगिरी अभ्यासगटाने 2013 मध्ये दिली: 15 ऑक्टोबरला हिशोब करायचा, आणि जायकवाडीत खरिपाचा वापर धरून 65 टक्के उपयुक्त पाणी (तळाचा मृतसाठा सोडून वापरता येणारे) असेल तर वरून सोडायचे नाही. नंतरच्या मांदाडे अभ्यासगटाने ही मर्यादा 58 टक्के करावी असे सुचवले आणि 2025 मध्ये त्यावर हरकती मागवल्या गेल्या. जायकवाडीचा उपयुक्त साठा साधारण 76.65 टीएमसी (अब्ज घनफूट). त्याचे सात टक्के म्हणजे जवळपास 5.4 टीएमसी. एवढ्या पाण्यासाठी मराठवाडा एकीकडे आणि नगर-नाशिक दुसरीकडे, अशी ओढाताण होणारच.

माझ्या मते खरी हरकत टक्क्याच्या आतल्या हिशोबावर घ्यायला हवी. खरिपाचा वापर म्हणून जो आकडा धरला, तो मोजलेला की अंदाजाचा? एवढ्या पसरट, उथळ जलाशयाचे बाष्पीभवन कोणत्या रकान्यात गेले? सोडलेले पाणी वरच्या धरणाच्या दारापाशी मोजायचे की जायकवाडीत पोचल्यावर? वाटेत झिरपून, आटून जाणाऱ्या पाण्याचा, म्हणजे वहनतुटीचा भार कोणावर? नदीत पाणी अडवणाऱ्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांच्या फळ्या काढल्या की नाही, हे कोण तपासणार, आणि नदीकाठच्या मोटारी कोण बंद करणार? 65 असो की 58, ही उत्तरे मोघम राहिली तर आकडा कागदावरच राहतो. तुम्ही वरच्या अंगाचे असा की खालच्या, हे प्रश्न दोघांनाही विचारता येतात.

तुमच्याकडे यातले काय आहे? पाणी वापर संस्था असल्यामुळे तुमच्याकडे घनमापन पद्धतीने (पाण्याचे आकारमान मोजून) घेतलेल्या पाण्याच्या नोंदी असणार. मंजूर कोटा किती, चारीच्या तोंडाशी मिळाले किती, शेवटच्या शेतापर्यंत आवर्तन (पाण्याची पाळी) किती दिवस उशिरा आले, हे तारखेनिशी जोडा. असा तक्ता कार्यालयाकडे बहुधा नसतो, आणि असला तरी गावनिहाय नसतो. हजार सह्यांचे एकसारखे पत्र ‘समान आशयाच्या हरकती’ म्हणून एका ओळीत निकाली निघते. मोजमाप जोडलेल्या हरकतीला तसे उडवणे अवघड जाते.

लिहिताना कलम क्रमांक, त्यातला नेमका मजकूर, तुमचा आक्षेप आणि त्याजागी हवा असलेला पर्यायी मजकूर, एवढे द्या. पर्यायी मजकूर बहुतेक जण देतच नाहीत. तो दिलात तर टिपणी लिहिणाऱ्या अधिकाऱ्याचे अर्धे काम झालेले असते आणि तुमचे शब्द पुढे जायची शक्यता वाढते. मराठीतच लिहा. मसुदा इंग्रजीत असेल, तर मराठी प्रत आणि तोवर मुदतवाढ ही पहिली मागणी करा.

मुदतीबद्दल एक. केंद्राच्या 2014 च्या विधिपूर्व सल्लामसलत धोरणात मसुदा किमान 30 दिवस लोकांसमोर ठेवावा असे आहे. ते केंद्रीय खात्यांसाठी आहे, राज्याच्या मसुद्यावर थेट बंधन म्हणून ते दाखवू नका; मुदत फारच तोकडी असेल तर दाखला म्हणून द्या. माहिती अधिकार कायद्याचे कलम 4 मात्र दोन्हीकडे चालते. धोरण ठरवताना त्यामागची तथ्ये जाहीर करणे आणि बाधितांना निर्णयाची कारणे देणे, दोन्ही त्यात आहे.

ईमेल पाठवलीत तरी एक प्रत कार्यालयात देऊन आवक क्रमांक व शिक्क्यासह पोच घ्या, आणि समक्ष सुनावणी हवी असल्याचे अर्जातच लिहा. अंतिम आदेश आला की मसुद्याशी कलमवार ताडून पाहा. तुमचा मुद्दा गाळला असेल तर त्या आवक क्रमांकाचा हवाला देऊन माहिती अधिकारात टिपणीची प्रत मागा. पुढे प्राधिकरणात किंवा न्यायालयात जायची वेळ आली, तर वकील पहिल्यांदा पोच आणि टिपणी हीच दोन कागदपत्रे मागतो.