ऑर्डरचं वेबअ‍ॅप टॅलीला जोडताना

ऑर्डर वेबअ‍ॅपवर, हिशेब टॅलीप्राइममध्ये, दिवसाला साधारण १५० बिलं. तर थेट एक्सएमएलने (दोन सॉफ्टवेअरमध्ये माहिती पाठवायचा ठरलेला साचा) जोडू, काफ्का (संदेशांची रांग सांभाळणारी मोठी यंत्रणा) बसवू की रोज एक्सेल आयात करू, असं तुम्ही विचारलंय. माझं मत: मध्ये डेटाबेसचं एक टेबल ठेवा आणि दर १५ मिनिटांनी चालणारी छोटी स्क्रिप्ट लिहा. काफ्का नकोच, १५० बिलांसाठी ते सांभाळत बसणं परवडणार नाही.

टॅली पोर्ट ९००० वर (म्हणजे मशीनमध्ये माहिती येण्याच्या दारावर) एक्सएमएल घेतं, पण त्या मशीनवर टॅली सुरू आणि कंपनी उघडी असेल तरच. अकाउंटंट संध्याकाळी पीसी बंद करून जातो, ग्राहक रात्री ११ वाजताही ऑर्डर देतो. ऑर्डर पक्की होतानाच टॅलीला कॉल केलात तर ऑर्डरच अडकेल. म्हणून ऑर्डर आली की टेबलात ओळ पडू दे. टॅली सुरू असेल तेव्हा स्क्रिप्ट ती उचलेल.

खरी काळजी दुसरीकडे घ्यायची आहे. एका कामात टॅलीने बिल घेतलं, पण उत्तर येण्याआधी आमच्या बाजूने टाइमआउट झाला, म्हणजे वाट पाहायची वेळ संपली. स्क्रिप्टने बिल गेलंच नाही असं धरून पुन्हा पाठवलं. एकाच मालाची दोन बिलं, आणि अशी एक-दोन नव्हे. जीएसटीआर-१ ची (विक्रीच्या जीएसटी विवरणपत्राची) मुदत ११ तारखेची. विक्रीचा आकडा जुळत नाही हे ८ तारखेला लक्षात आलं. अकाउंटंट आणि मी दोन रात्री बसून एकेक व्हाउचर (टॅलीतली बिलाची नोंद) तपासलं. तेव्हापासून ऑर्डर नंबर व्हाउचरच्या रेफरन्समध्ये टाकल्याशिवाय मी काहीच पाठवत नाही. टाइमआउट झालेली ओळ ‘संशयित’ म्हणून बाजूला काढा आणि त्या नंबरचं व्हाउचर आहे का हे टॅलीला विचारूनच पुन्हा पाठवा.

एचटीटीपी २०० (विनंती पोचली असं सांगणारा कोड) आलं म्हणजे बिल बसलं असंही धरू नका. उत्तराच्या आत किती नोंदी झाल्या आणि किती चुकल्या याचे आकडे असतात, ते वाचा. बहुतेक चुका नावांच्या निघतात: वेबअ‍ॅपवर ‘ट्रेडर्स’, टॅलीत ‘ट्रेडिंग’, लेजर (पार्टीचं खातं) सापडत नाही, व्हाउचर परत. तेव्हा मालाची आणि पार्टीची नावं टॅलीतली खरी, भाव वेबअ‍ॅपमधला खरा, असं मालकांकडून आत्ताच ठरवून घ्या. हे ठरलं नसेल तर कुठलीही जोडणी टिकत नाही.

एक्सेल आयातीला कमी लेखू नका. पहिला महिना तीच वापरा. कुठली नावं जुळत नाहीत ते हाताने करताना नीट कळतं, आणि स्क्रिप्ट लिहायच्या आधी मास्टर (माल-पार्टीच्या मूळ याद्या) साफ होतात.

टॅली क्लाउडच्या मशीनवर असेल तर पोर्ट ९००० इंटरनेटवर उघडू नका. तिथे लॉगिन विचारलं जात नाही. स्क्रिप्ट त्याच मशीनवर ठेवा आणि टेबलातल्या ओळी तिलाच आणू द्या.