मालवणहून विजयदुर्गला होडीने जाताना समुद्रात घुसलेली टोकं आणि भरती-ओहोटी कशी सांभाळायची?

तुम्ही विचारलंय की, सोलापुरात बसून या प्रवासाची आखणी करता येईल का. अर्धी येते. खिळ्याला टांगलेलं पंचांग काढा. आपल्याच सोलापुरातून निघणारं दाते पंचांग मी याच कामाला वापरतो.

कोकणातला जुना हिशोब असा: तिथीला पाऊणने गुणा, पूर्ण भरतीची वेळ मिळते. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा. तिथून सहा तासांनी सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी. वद्य पक्षात पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून पक्की वेळ त्या बंदराच्या तक्त्यातच बघा. मुंबईचा तक्ता चालणार नाही. दक्षिणेला भरती आधी येते आणि पाणीही मुंबईपेक्षा खूप कमी चढतं.

पण या किनाऱ्यावर टोकाला वारा बघायचा आणि खाडीच्या तोंडाला भरती. नवखा माणूस नेमकं उलट करतो. मीही केलं होतं.

माझा मेव्हणा देवगडचा. त्याच्या होडीतून आम्ही मालवणहून निघालो. भरतीचं गणित चोख, पण नाश्त्यात नऊ वाजले. पहाटेचा मतलई, म्हणजे जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा वारा तोवर संपला होता. देवगडच्या दीपगृहाखाली पोचलो तेव्हा दुपारचा वायव्येचा खारा वारा थेट तोंडावर. समोरून येणारी लाट वेगळी, कड्यावर आपटून परतणारी वेगळी. दोन्हींच्या मध्ये होडी नाक वर करायची आणि मागे पंखा पाण्याबाहेर येऊन इंजिन किंचाळायचं. तांडेल, म्हणजे होडी हाकणारा म्होरक्या, एक शब्द बोलला नाही, नुसतं सुकाणू समुद्राकडे वळवलं. मैलभर बाहेर गेल्यावर लाटा एका दिशेने यायला लागल्या. तोवर आईने दिलेल्या कडक भाकरीच्या डब्यात खारं पाणी शिरलं होतं. शेंगाची चटणी तेवढी वाचली.

म्हणून माझी आखणी. पावसाळा धरूच नका. जानेवारी-फेब्रुवारीतली पंचमी-षष्ठी गाठा. अमावस्या-पौर्णिमेचं उधाण टळतं. अंतर साधारण तीस सागरी मैल, सहा नॉटने, म्हणजे ताशी सहा सागरी मैलांनी, पाच तास. पहाटे साडेपाचला निघालात तर सिंधुदुर्गाभोवतीच्या खडकांवर अजून पाणी असतं, तरी तिथून बाहेर काढायला मालवणचाच तांडेल हवा. वद्य पंचमी असेल तर पश्चिमेला चंद्रही असतो. देवगडचं टोक नऊ-साडेनऊला मागे पडतं आणि अकराच्या आत विजयदुर्ग येतो, तेव्हा सुकती होऊन पाणी पुन्हा आत यायला लागलेलं असतं. जोराच्या ओहोटीत खाडीच्या तोंडाशी जाऊ नका. बाहेर पडणारं पाणी आणि आत येणारी लाट समोरासमोर भिडली की लाट उभी राहून फुटते. विजयदुर्गाच्या पश्चिमेला पाण्याखाली दगडी भिंत आहे, फोटोसाठी किल्ल्याला घासून जायचा मोह टाळा.

आदल्या संध्याकाळी इन्कॉइसचा, म्हणजे समुद्राची माहिती देणाऱ्या सरकारी संस्थेचा, लाटांचा अंदाज बघा. तटरक्षक दलाचा १५५४ हा नंबर घरीही देऊन ठेवा. देवगडला दहापर्यंत पोचला नाहीत, तर विजयदुर्ग गाठायच्या भानगडीत न पडता देवगडच्याच बंदरात शिरा. आडोसा उत्तम आहे आणि उरलेले बारा-एक मैल दुसऱ्या दिवशी पहाटे होतात.

आणि हो, भाकरी प्लास्टिकच्या पिशवीत बांधा.